डाळिंबी रंगाची साक्ष

परत आलेल्या पार्सलावरचा पत्ता आमच्याच हस्ताक्षरात होता. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली आमचा पत्ता गिरवलेला. आत आईने शिवलेली वाकळ होती, गेली तशीच नीट घडी घातलेली, आणि वहीच्या पानावर तीन वाक्यांची चिठ्ठी. ‘फोटोत रंग डाळिंबी होता. ही विटकी आहे. अशी फसवणूक अपेक्षित नव्हती.’

पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. त्याचे काही वाटले नाही. पण चिठ्ठी आईने वाचली, आणि तिच्यातला एक शब्द घरात राहून गेला. आईने आयुष्यात कुणाला मापात कमी घातलेले नाही. ती उधारीच्या साखरेची वाटीसुद्धा शिगोशीग भरून परत करणारी. त्या संध्याकाळी तिने सुयांची डबी फडताळात ठेवली आणि महिनाभर बाहेर काढली नाही.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या मिरजेकडे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, साड्या एकावर एक अंथरायच्या आणि धावदोऱ्याने शिवत जायचे, एवढीच तिची कृती. आमच्याकडच्या वाकळांत इरकल साड्या पुष्कळ असतात. इरकल हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या साड्या आमच्या भागातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या, विरल्या की वाकळीत घातल्या. आईला हाताला काम हवे होते. आम्ही दोघी बहिणी मराठी शिकवतो, बाजारव्यवहाराशी आमचा संबंध पगाराच्या दिवसापुरता; तरी वाकळांचे फोटो काढून त्या दूरच्या गिऱ्हाइकांना दाखवण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. आईचे शिवणे आणि आमचे दाखवणे, अशी वाटणी ठरली. तिच्या वाटणीत चूक झाली नव्हती.

ही चूक कशी झाली ते सांगणे भाग आहे. कॉलेज, पेपर तपासणे, स्वयंपाक हे सगळे उरकून आम्ही रात्री नऊनंतर फोटो काढायला बसत असू. दिवाणावर वाकळ पसरलेली, वर भिंतीवरची स्वस्तातली एलईडी ट्यूब, हातात मोबाईल. त्या उजेडात डाळिंबी इरकल तपकिरी, मेल्यासारखी दिसली. मग आम्ही मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवून रंग ‘जरा खुलवला’. पहिल्यांदा थोडा, मग आणखी थोडा. वाकळ झळाळू लागली. रंग डाळिंबीकडून निघून राणी रंगाच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि आम्ही एकमेकींकडे बघून म्हटले, छान दिसतेय. तेव्हा समोर दिवाणावर खरी वाकळ पडलेली होती. तिच्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिले नाही.

अपराधी माणूस आधी हत्याराला दोष देतो. आम्हीही दिला. आपला मोबाईल साधा, म्हणून रंग चुकतो. चांगला कॅमेरा घेतला की प्रश्न मिटेल, असे आम्ही ठरवले आणि दुकानात गेलो. भिंगे बदलता येणाऱ्या नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून दोघींच्या मनात एकाच वेळी तोच हिशेब झाला असावा: एवढे पैसे फिटायला आईला किती वाकळा शिवाव्या लागतील? जुना, वापरलेला कॅमेरा बराच स्वस्त मिळतो हे तिथेच कळले. पण तोही घेण्यापूर्वी एका सहकाऱ्याचा डीएसएलआर चार दिवसांसाठी मागून आणला. सोबत नेहमीचे, कॅमेऱ्याबरोबरच मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग. पहिल्या रात्री त्याच ट्यूबखाली, त्याच दिवाणावर फोटो काढला. वाकळ पुन्हा तपकिरीच आली. मोबाईलपेक्षा सुबक, अधिक बारकाव्याची, पण तपकिरी.

मग कारण शोधले. उजेड पांढरा दिसतो म्हणजे त्यात सगळे रंग पुरेसे असतात असे नाही. स्वस्त एलईडीच्या पांढऱ्या उजेडात गडद तांबड्याचा वाटा बहुधा तोकडा असतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो कापडाने परत कुठून फेकायचा? चांगल्या दिव्यांच्या खोक्यावर सीआरआय नावाचा एक आकडा छापलेला असतो. शंभराच्या जितका जवळ तितका उजेड रंगांशी इमानदार. वस्तूंच्या फोटोसाठी तो निदान ९० असावा असे सांगतात. त्यातही एक मेख आहे. हा सर्वसाधारण आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीचा असतो. गडद तांबडा त्यांत धरलेलाच नसतो, त्याची परीक्षा आर९ या नावाने वेगळी होते. सरासरीत उत्तीर्ण आणि नेमक्या एका विषयात नापास, असे विद्यार्थी आम्हा शिक्षकांना नवे नाहीत. दिव्यांतही ते असतात हे मात्र नवे होते.

हे सगळे आम्ही जेवताना मोठ्या उत्साहाने आईला समजावून सांगितले. ती भात कालवत ऐकत होती. मग म्हणाली, “आम्ही लुगडं घ्यायला गेलो की दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात बघायचो. दुकानदार कितीही म्हणू दे, आतल्या दिव्याखाली बघून कुणी घ्यायचं नाही. तुम्ही दोघींनी रात्री ट्यूबखाली बघितलंत होय?”

त्यानंतर दुसऱ्या दिवशी ती नेहमी जिथे शिवायला बसते ती जागा आम्ही पहिल्यांदा नीट पाहिली. मागच्या खोलीतली उत्तरेची खिडकी. तिथे थेट ऊन सहसा येत नाही. मोकळ्या आभाळाचा उजेड दिवसभर येतो, आणि सावल्यांच्या कडा मऊ पडतात. दोऱ्याचा रंग कापडाशी जुळतो की नाही हे तिला त्याच उजेडात कळते, सुईही तिथेच ओवता येते. चित्रकारांच्या कलागृहांना उत्तरेकडची खिडकी का असते हे आम्ही कधीतरी वाचले होते. आपल्या घरात ते कलागृह वीस वर्षे चालू आहे हे ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून आमचे फोटो रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात, त्या खिडकीशी होतात. ट्यूब बंद, कारण खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळसर उजेड एकत्र आले की वाकळीची एक बाजू एका गावची नि दुसरी दुसऱ्या गावची दिसते. आभाळ फार लख्ख असेल तर खिडकीवर ट्रेसिंग पेपर चिकटवतो. खिडकीच्या समोरच्या अंगाला पांढरा कार्डशीट उभा करतो. तो खिडकीचा उजेड परतवून सावलीची बाजू उचलतो. मात्र सावली पुरती घालवायची नाही. उजेड कुशीतून, अगदी तिरका आला तर धावदोऱ्याच्या ओळी शेतातल्या सरींसारख्या उठून दिसतात, आणि वाकळीतली मेहनत दिसते ती त्याच सावल्यांत. मोबाईलचा फ्लॅश समोरून पडतो आणि या साऱ्या सरी सपाट करून टाकतो. म्हणून तो आम्ही कायमचा बंद केला आहे.

सहकाऱ्याचा कॅमेरा चौथ्या दिवशी परत गेला. खिडकीच्या उजेडात त्याने आणि आमच्या मोबाईलने काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा पडद्यावर पाहण्याच्या आकारात फरक करणे कठीण होते. पोस्टरएवढे छापायचे असते तर कॅमेऱ्याची बाजू घेतली असती. आम्हाला फक्त दाखवायचे होते. खर्च झाला तो एवढा: मोबाईलसाठी पकड असलेले एक तिपाई स्टँड, दोन कार्डशीट, ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी, वाळत घालायचे डझनभर चिमटे. सगळे मिळून सतराशे रुपयांच्या आत. स्टँड असल्यामुळे शटर सावकाश चालले तरी चालते, आयएसओ कमीत कमी ठेवता येतो, आणि चित्रात दाणे येत नाहीत. बटण दाबतानाचा धक्काही नको, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावतो.

वाकळ जमिनीवर अंथरून वरून फोटो काढायचा खटाटोप आम्ही स्टुलावर चढून करून पाहिला. एकीने स्टूल धरायचे, दुसरीने जीव. त्यात मोबाईल जरा कलला की चौकोनी वाकळ एका टोकाला निमुळती होते. आता ती खिडकीलगतच्या भिंतीवर आडव्या काठीला चिमट्यांनी टांगतो आणि भिंग वाकळीच्या बरोबर मध्यावर, तिच्याशी समांतर ठेवतो. जवळ जाऊन फोटो घेण्याचा मोहही टाळावा लागतो. मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद नजरेचे. जवळून काढलेल्या तिरक्या चित्रात पुढचा कोपरा अवाढव्य आणि मागचा केविलवाणा होतो. चार पावले मागे सरून, दुप्पट जवळ आणणारे दुसरे भिंग असेल तर ते वापरले की आकार जागेवर येतात.

उजेडाची मोजणी हा आणखी एक धडा. कॅमेऱ्याला समोरची वस्तू काय आहे हे ठाऊक नसते. ती मध्यम करडी असावी असे तो गृहीत धरतो. म्हणून पांढऱ्या धोतराची वाकळ त्याला फार उजळ वाटते आणि तो तिला मळकी करतो. काळ्या चंद्रकळेची वाकळ फार काळी वाटते आणि तो तिला राखाडी करतो. मोबाईलमधल्या प्रो नावाच्या कप्प्यात अधिक-उणेची एक पट्टी असते. पांढऱ्यासाठी ती अधिककडे सरकवायची, काळ्यासाठी उणेकडे. भडक तांबड्याला आम्ही थोडे उणेच ठेवतो, कारण एकूण चित्र ठीक दिसत असतानाही तांबड्याची एकट्याची मर्यादा ओलांडली जाते, आणि टाके, विरलेले धागे, सगळे एका लाल डागात बुडून जाते.

पांढऱ्या रंगाचा तोल साधण्यासाठी कोरा कागद समोर धरावा असा सोपा उपाय सांगतात. आम्ही परीक्षेच्या पुरवण्यांतला कागद धरला. त्यातही फसगत. अलीकडच्या बहुतेक छपाईच्या कागदांत तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून एक द्रव्य घातलेले असते. आभाळाच्या उजेडातले अतिनील किरण शोषून ते निळसर उजेड बाहेर टाकते. त्याला पांढरा मानून हिशेब केला की उरलेले चित्र पिवळट होते. म्हणजे पांढराही खुलवलेलाच. छायाचित्रकार यासाठी करडे कार्ड वापरतात. ते फार महाग नाही.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली, ती इथे सांगण्याजोगी आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तीन रंगांच्या मिश्रणाने रंगीत छायाचित्र दाखवले. थॉमस सटन यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून एकाच वस्तूचे वेगवेगळे फोटो घेतले होते. ते त्या त्या रंगाच्या उजेडाने पडद्यावर एकावर एक टाकले. आणि ती वस्तू होती चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाची फीत. रंगीत छायाचित्रणाचा आरंभ असा एका कापडाच्या तुकड्याने झाला. पण त्या काळच्या काचपट्ट्यांना लाल रंग दिसतच नव्हता. मग फितीतला लाल उमटला कसा? उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकमधल्या संशोधकांनी केला: फितीतले लाल कापड अतिनील किरणही परतवत होते, लाल गाळणी ते आत सोडत होती, आणि काचपट्टीने त्यांचीच नोंद लाल म्हणून केली. निकाल बरोबर आला, साक्ष मात्र भलत्याच साक्षीदाराची. आमच्या बाबतीत तर निकालही चुकला होता.

रंगांची खात्री पटवण्यासाठी व्यावसायिक लोक फोटोत एक तक्ता ठेवतात. १९७६ साली निघालेल्या त्या तक्त्यावर चोवीस चौकोन असतात. काही कातडीच्या रंगाचे, एक आभाळाचा, एक पानांचा. ज्ञात रंग चित्रात कसे उतरले हे पाहून अज्ञात रंग दुरुस्त करायचे. कल्पना आवडली, किंमत आवडली नाही; ती काही हजारांत होती. आईला तक्त्याचे चित्र दाखवले. ती म्हणाली, “ह्यातलं आभाळ कुणी बघितलंय? मसूर ठेवा की. मसुरीचा रंग काय असतो ते पुण्याच्या बाईलाही ठाऊक आणि नागपूरच्याही.”

आणि तिने फडताळातून पाच वाट्या काढल्या. मसुरीची डाळ, तूरडाळ, हिरवे मूग, अख्खे उडीद, तांदूळ. केशरी, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा. हळद-कुंकवाने वाकळीला डाग पडले असते, डाळी कोरड्या. त्या टांगलेल्या वाकळीखाली स्टुलावर ओळीने मांडल्या आणि फोटो काढला. चोवीस चौकोनांचे काटेकोर गणित त्यात नाही, निळे धान्य तर स्वयंपाकघरात नसतेच. पण चित्र पाहणाऱ्याच्या हाती एक कसोटी आली. त्याचा पडदा रात्रीच्या सोयीसाठी पिवळा झालेला असेल, तर तांदूळही पिवळे दिसतील आणि तो सावध होईल. मसूर भडक नारिंगी दिसली तर आम्ही रंग खुलवला आहे हे ओळखेल. आमच्यावर विश्वास ठेवण्याची त्याला गरज नाही. त्याने आपल्या फडताळावर विश्वास ठेवावा.

परत आलेल्या वाकळीचा फोटो आम्ही असा पुन्हा काढला. तिच्यावरचे एक ठिगळ आणि काठाशी असलेला जुना फिकट डाग, यांचे जवळून वेगळे फोटो घेतले. चित्रात ती विटकी दिसत होती. विटकीच आहे ती. अनेक पावसाळे आणि अनेक धुण्यांतून निघालेला डाळिंबी. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना आम्ही तो फोटो पाठवला आणि खाली लिहिले: शिवण आईची होती, रंग आमचा होता, तुम्ही वापरलेला शब्द योग्य होता, तो फक्त आम्हा दोघींना लागू आहे. उत्तर आले नाही. पाठवण्याआधी आईला तो मजकूर वाचून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तेव्हा ती खिडकीशी बसून सुई ओवत होती.

आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर वर्गात आम्ही दरवर्षी उपमा आणि रूपक यांतला भेद शिकवतो. उपमेत ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ असा एखादा साधर्म्यवाचक शब्द असतो. रूपकात तो गळून पडतो, आणि उपमेय व उपमान एकरूप होतात. कवितेत ती चढती पायरी असेल. विकायच्या वस्तूच्या फोटोत मात्र तो लहानसा शब्द गाळण्याचा अधिकार काढणाऱ्याला नाही. फोटो वाकळीसारखा असतो, वाकळ नसतो. रात्री नऊनंतर पडद्यावर बोट फिरवताना आम्ही ‘सारखा’ पुसला होता. आईच्या पाच वाट्यांनी तो जागेवर आणून ठेवला. आपल्या भाषेने रंगांची नावे तरी कशी ठेवली? डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, विटकरी, तपकिरी, राखाडी, मोतिया. प्रत्येक नावात एक वस्तू शेजारी आणून ठेवलेली आहे. ‘याच्यासारखा’ म्हटल्यावाचून मराठीत निम्मे रंग उच्चारताच येत नाहीत. आम्ही ती नावे वर्षानुवर्षे उच्चारत होतो, आणि त्यांत सांगितलेली रीत आम्हाला एका परत आलेल्या पार्सलाने शिकवली.

तरीही सगळे साधते असे नाही. या दिवाळीआधी आईने एक मोरपंखी वाकळ पुरी केली. उत्तरेची खिडकी, करडे कार्ड, पाच वाट्या, सगळे असूनही तिचा रंग येईना. शोधल्यावर कळले की दोष या वेळी आमचा नव्हता. बहुतेक पडदे आणि चित्रे रंगांच्या ज्या ठरीव कुंपणात राहतात, त्या एसआरजीबी नावाच्या कुंपणाबाहेर काही गडद हिरवट निळे पडतात. तो रंग वाकळीत आहे, डोळ्यांत आहे, पडद्यावर त्याला जागा नाही. खुलवायचा मोह झाला, हे कबूल करतो. पण आम्ही फोटोखाली लिहिले: ‘प्रत्यक्षात यापेक्षा हिरवट आणि गडद.’

दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. यापेक्षा म्हणजे नेमका कसा, असे त्या विचारत होत्या. आम्ही दोघी शब्द शोधत राहिलो. शेवटी आईने फोन घेतला. “तुमच्या घरात जुनी मोरपंखी साडी असेल,” ती म्हणाली. “आईची, सासूची. ती काढा आणि खिडकीशी नेऊन बघा. दिव्याखाली नको. तशी आहे ही.”

पलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. आई फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.

वाकळ गेली. परत आली नाही.